काढून टाकण्याची विनंती

पालिकेच्या मंडळांवर नेमलेल्या सदस्यांना काढून टाकण्याचे अधिकार शहराच्या पदाधिकाऱ्यांना देण्यात आले. ही बातमी मी वाचली आणि सकाळची शेवउसळ बाजूला सारली.

मी, संपतराव, अकरा वर्षे सार्वजनिक बाकडे सल्लागार मंडळाचा सदस्य आहे. तसे फाटकावर लिहिले आहे, स्कूटरवर लिहिले आहे, आणि आता मुलीच्या, इराच्या लग्नपत्रिकेतही माझ्या नावाखाली छापून आले आहे.

"अहो, तुम्हाला काढतील?" मंदाने विचारले.

"का काढतील? आजवर एक चूक केलेली नाही मी."

"काही केलंच नाहीत!"

व्याह्यांना काय तोंड दाखवणार? हातापाया पडायला मी पालिकेची कचेरी गाठली. तिथले कारकून धवलभाई यांनी सदस्यांची यादी दोनदा वाचली.

"काका, तुमचं नाव यादीत नथी."

"अरे देवा! काढलंसुद्धा?"

"ना, ना. कधी घातलंच नथी. काढायला आधी असावं तर लागे ने?"

मग आठवले. अकरा वर्षांपूर्वी एका समारंभात कुणीतरी माईकवर म्हणाले होते, "संपतरावांना मंडळावर घेऊ या." नेमणूकपत्राची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. परतताना खंडेराव मार्केटजवळ पाटीच रंगवून घेतली. लाज वाटली, खोटे कशाला सांगू. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"धवलभाई," मी म्हणालो, "मग मला काढा."

ते हसतील असे वाटले होते. उलट त्यांनी मला खुर्ची दिली. नवा अधिकार वापरून दाखवा म्हणून सकाळपासून वरून फोनवर फोन येत होते, आणि यादीतल्या प्रत्येक सदस्यामागे कोणी ना कोणी साहेब उभा होता. ज्याच्यामागे कोणीच नाही असा मी एकटाच निघालो.

दुसऱ्याच दिवशी शिक्क्यासह आदेश आला: 'श्री. संपतराव यांना अकरा वर्षांच्या निष्क्रियतेबद्दल सदस्यपदावरून दूर करण्यात येत आहे.' सदस्य असल्याचा हा माझा पहिला लेखी पुरावा. तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. पाटीवर 'माजी' वाढवले. व्याही म्हणाले, "वा! 'माजी'ला तर कोणी काढू शकत नाही."

तुम्ही हसताय? खुशाल हसा. धवलभाईंच्या टेबलापुढे आता 'मलाही काढा' म्हणणाऱ्यांची रांग लागते. मंगळवारी मी तिथून गेलो तेव्हा तुम्हीही रांगेत होता. पिशवीतली पाटी उलटी धरली होती, म्हणून काय लिहिले आहे ते वाचता आले नाही.