कमठाबाईंच्या खिडकीवर कोण बसणार?

एका जंगलात, मुलांनो, एक सरकारी दवाखाना होता. हसू नका. जिथे सिंह राजा असतो तिथे प्रजेला दवाखाना लागतोच.

दवाखान्याशेजारी वडाच्या ढोलीत औषधांची खिडकी होती. तिथे कमठाबाई नावाची कासवीण कंपाउंडर होती. अस्वले डॉक्टर आत रोगी तपासायचे आणि पळसाच्या पानावर औषध लिहून द्यायचे. ते पान घेऊन रोगी बाईंच्या खिडकीशी यायचा.

बाईंची एक पद्धत होती. बाटली उचलताना लेबल वाचायचं. औषध ओतताना पुन्हा वाचायचं. बाटली फळीवर ठेवताना आणखी एकदा वाचायचं. कारण छातीचा काढा तपकिरी होता आणि पोट साफ करणारा जुलाबाचा काढाही तपकिरीच होता. दोन्ही कडू होते आणि दोन्हींना वास सारखाच यायचा.

अस्वले डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही, आणि ते सहसा लागायचंच नाही, की बाई खिडकी लोटून घ्यायच्या. आपल्या चालीने आत जायच्या, डॉक्टरांना विचारायच्या आणि आपल्या चालीने परत यायच्या. तुम्हीच विचार करा, कासव आत जाऊन बाहेर येणार! तोवर रांगेत कुणी बसायचं, कुणी डुलकी काढायचं, बाकीचे बाईंच्या नावाने खडे फोडायचे.

बाईंच्या खिडकीवरून कुणी चुकीचं औषध घेऊन गेल्याचं जंगलात कुणाला आठवत नव्हतं. पण जे घडतच नाही ते आठवणार कसं? लोकांच्या आठवणीत राहिली ती रांग.

तर या कमठाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांना निवृत्तीची हौस होती आणि एक घोरही होता. त्यांची छाती धडधडायची. रोज सकाळी छातीच्या काढ्याचा एक घोट घेतला की ती ठिकाणावर यायची. इतके दिवस तो घोट त्या आपल्याच हाताने ओतून घ्यायच्या. आता खिडकीच्या बाहेर उभं राहून दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागणार होता. आणि कासवाची निवृत्ती म्हणजे तुमच्या पणतवंडांची लग्नं होईपर्यंत चालते. आपल्या जागी कोण बसणार, हा बाईंच्या जिवाचा प्रश्न होता.

सरकारने निवड समिती नेमली. गवेसाहेब अध्यक्ष झाले, कारण त्यांची शिंगं सर्वांत मोठी होती. बगळेसर सदस्य झाले, कारण उमेदवार कसे निवडावेत याचा अभ्यासवर्ग ते दूरच्या तळ्यावर एका पायावर उभं राहून पुरा करून आले होते. बाईंना विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं. म्हणजे काय, तर पाणी प्यायला दिलं आणि कोपऱ्यात बसवलं.

बगळेसरांनी चोचीने वाळूत रकाने आखले. रुबाब. वेग. आत्मविश्वास. महत्त्वाकांक्षा.

"आणि औषधांचा रकाना?" बाईंनी विचारलं.

"औषधं काय हो, काम करता करता कळतात," बगळेसर म्हणाले. "आम्ही व्यक्तिमत्त्व बघतो."

"बाई, उशीर नको," गवेसाहेब म्हणाले. "संध्याकाळी तुमचाच निरोप समारंभ आहे. भजी तळायला घेतलीत."

वाऱ्यावर खरंच भज्यांचा वास येत होता. बाईंनी मान कवचात ओढून घेतली.

पहिला उमेदवार ससा होता. तो शिंगं पाहूनच पळाला. बगळेसरांनी वेगाच्या रकान्यात त्याला चांगले गुण दिले, पण तो परत आला नाही.

मग नकुली नावाची मुंगशी आली. नीटनेटकी होती. नमस्कार करून उभी राहिली.

"काही वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" बगळेसरांनी विचारलं.

"इथेच, सर. खिडकीत," नकुली म्हणाली.

"वर नाही?"

"वर घुबडाचं घरटं आहे, सर."

बगळेसरांनी महत्त्वाकांक्षेच्या रकान्यात भोपळा काढला. मग त्यांनी डॉक्टरांच्या खोलीतून आणलेलं एक पान तिच्यापुढे धरलं. पानावर जांभळाच्या शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. "हे वाचा आणि औषध काढून द्या."

नकुलीने पान सरळ धरून पाहिलं. उजेडात नेऊन पाहिलं. "मला हे लागत नाही, सर," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारून येते."

"अंदाज करा की!"

"औषधाचा अंदाज कसा करणार, सर? कुणाच्या तरी पोटात जाणार ते."

कोपऱ्यात कमठाबाईंची मान कवचातून पुरी बाहेर आली. हीच, त्यांच्या मनाने घेतलं. हिच्या हातचा घोट मी डोळे मिटून घेईन.

"वाचता येत नाही," गवेसाहेबांनी शेरा सांगितला. बगळेसरांनी तो वाळूत कोरला. "शिवाय प्रत्येक गोष्ट विचारून करणार. म्हणजे पुन्हा तीच रांग."

मग फांदीकर आला. तो वानर होता. दारातून न येता वरून उतरला आणि समितीच्या पुढ्यातच बसला.

"काही वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"तुमच्या जागी, साहेब," फांदीकर म्हणाला.

गवेसाहेब खूश झाले. आपली जागा कुणाला तरी हवीशी वाटते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बगळेसरांनी तेच पान पुढे धरलं. फांदीकरने नजर टाकली न टाकली तोच तो म्हणाला, "खोकल्याचा काढा, जेवणानंतर, कोमट पाण्यातून." आणि उडी मारून फळीवरची बाटली आणून समोर आपटली.

"वा!" गवेसाहेब म्हणाले.

"वा, वा!" बगळेसर म्हणाले.

कमठाबाईंना राहवलं नाही. त्यांनी ते पान उचललं आणि सवयीप्रमाणे डॉक्टरांकडे निघाल्या. समिती थांबली. भजी निवत चालली. बऱ्याच वेळाने बाई धापा टाकत परतल्या.

"साहेब, ही चिठ्ठीच नाही! डॉक्टर म्हणतात, शाई उतरते का ते बघायला त्यांनी नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या. यात काहीसुद्धा लिहिलेलं नाही."

फांदीकर शेपटी खाजवू लागला. बाईंना वाटलं, सुटले.

"म्हणजे," बगळेसर सावकाश म्हणाले, "जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथूनही यांनी औषध शोधून काढलं."

"लिहिलेलं काय, कुणीही वाचेल!" गवेसाहेबांनी मांडीवर खूर मारला. "अशी माणसं मिळत नाहीत हो हल्ली!"

"अहो, पण साहेब..."

"बाई, सगळं जंगल तुमच्यासाठी खोळंबलंय. शालसुद्धा आणलीय. इथे ठसा उमटवा."

मुलांनो, कमठाबाई काही वाईट नव्हत्या. थकल्या होत्या. उभ्या जन्मात त्यांच्यासाठी कुणी भजी तळली नव्हती. त्यांनी एकदा नकुलीच्या भोपळ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि फांदीकरच्या नावापुढे पंजा उमटवला. समारंभ छान झाला. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. भजी गारच होती.

दुसऱ्या दिवसापासून रांग दिसेनाशी झाली. पान पुढे केलं की बाटली हातात! जंगल हरखून गेलं. कुणाचा खोकला वाढला, कुणाचे केस गळाले, एका तरसाला हसूच येईनासं झालं. पण थांबावं कुणालाच लागलं नाही. फांदीकरने फळीही आवरली. नाना रंगांची लेबलं डोळ्यांना टोचतात म्हणून त्याने ती सगळी काढून टाकली आणि बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. सुंदर खिडकी म्हणून राजाने त्याचा सत्कार केला.

पहिले काही दिवस बाईंचं भागलं, कारण घरी जुन्या बाटलीत थोडा काढा उरला होता. तो संपला त्या सकाळी छाती धडधडत असतानाच त्या खिडकीशी गेल्या. फांदीकरने त्यांच्या हातात बाटली ठेवली. काढा तपकिरी होता.

"अरे, हा छातीचाच ना?"

"छातीचाच, आजी."

"कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवा."

"लेबल कुठाय?"

"आजी, तुमचा काळ गेला आता. सरका, मागे लोक आहेत."

बाईंनी बाटली उजेडात धरली. हुंगली. जन्मभर या दोन काढ्यांशी त्यांचा संबंध, पण लेबलावाचून ते ओळखता येत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या तशाच नकुलीच्या बिळाशी गेल्या.

नकुलीने बाटली हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "बाई, मला नाही सांगता येत. घेऊ नका. मी डॉक्टरांकडे जाऊन येते."

ती धावत गेली. लेबलावाचून ती बाटली अस्वले डॉक्टरांनाही सांगता येईना, पण त्यांनी लगेच नवीन पान लिहून दिलं. या वेळी अक्षरसुद्धा चांगलं काढलं. पण औषध खिडकीवरच मिळणार होतं. फांदीकरने पान न बघताच बाटली दिली. नकुलीने लेबल मागितलं, मूळ बरणी मागितली, शेवटी भांडली. "मुलाखतीत नापास झालीस ना तू?" फांदीकर म्हणाला, आणि खिडकीशी आलेले सगळे हसले.

ती परतली तेव्हा बाई बिळाच्या तोंडाशी कलंडल्या होत्या. त्यांच्यासमोर आता दोन तपकिरी बाटल्या झाल्या.

"बाई, ह्याचंही मला कळत नाही हो," नकुलीला रडू फुटलं.

"रडू नकोस गं. कळत नाही म्हणालीस म्हणून तर तू मला पसंत होतीस."

"मग माझ्या नावापुढे ठसा का नाही उमटवलात?"

"भजी गार होत होती," कमठाबाई म्हणाल्या.

छातीची धडधड थांबायला तयार नव्हती. बाईंनी अंदाजाने एक बाटली उचलली आणि घोट घेतला. तो जुलाबाचा निघाला. दुसऱ्या बाटलीतही जुलाबाचाच होता, हे नंतर कळलं. म्हातारं शरीर, धडधडती छाती. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

शोकसभेला सारं जंगल लोटलं. गवेसाहेब बोलायला उठले.

"कमठाबाई गेल्या," ते म्हणाले. "पण जाता जाता आपल्याला फांदीकरांसारखा हिरा देऊन गेल्या. आणि मित्रहो, एका गोष्टीचं मला मोठं समाधान आहे. शेवटच्या दिवशी बाईंना औषधासाठी क्षणभरही थांबावं लागलं नाही."

टाळ्या वाजवू नयेत असा प्रसंग होता, पण वाजल्या.

तात्पर्य : मुलांनो, जे येत नाही तेही येतं असं ठणकावून सांगावं, म्हणजे नोकरी लागते. "विचारून सांगते" असं कधीही म्हणू नये. आणि आजारी पडायचंच झालं, तर शेजारच्या जंगलात जाऊन पडावं.