कासवाच्या वाट्याचं ऊन

गंगारामाच्या घराला सगळं होतं, ऊन तेवढं नव्हतं. पुढे माड, मागे फणस आणि कडेला आज्याने लावलेला आंबा. भर मे महिन्यात कुणकेश्वराच्या अलीकडच्या त्या वाडीत माणसं सावलीला पळत होती आणि हा बाबा हातात घमेलं घेऊन अंगणभर ऊन शोधत होता. घमेल्यात पाणी, पाण्यात एक दगड आणि दगडाखाली तोंड लपवून बसलेलं पंज्याएवढं कासव.

तीस वर्षं मुंबईच्या आगबोटीवर खलाशी म्हणून काढून, अठ्ठावन्न साली गंगाराम कायमचा घरी आला, तेव्हा त्याला कळलं की या घरात आपलं असं कोणीच नाही. गुरं त्याची बायको नर्मदा हिच्या हाकेला ओ देत. कुत्रा तर अजून त्याच्यावर भुंकत होता. अशात त्याचा बोटीवरचा जुना सोबती, पिंगुळीचा बाबली, तळ्यातलं कासव घेऊन आला, आणि गंगारामाला पोरगं झाल्यासारखा आनंद झाला. बाबलीने जाताना बजावलं होतं, "रोज दोन तास कडक ऊन व्हया हां त्येका. ऊन नाय गावला तर पाठ मऊ पडता आणि मरता बिचारा."

कडक ऊन अंगणात एकाच जागी पडायचं. सकाळी नऊ ते बारा, मधोमध, चटईएवढं. आणि त्या जागेवर खरोखरच चटई होती आणि चटईवर नर्मदेची कोकमाची सोलं.

"अगो, चटई वायच सरकव. कोपऱ्यार कासव ठेवतंय."

"सोलांच्या वाटेक गेलास तर बघा! सोवळ्यातला काम ता. अर्धी वाडी माझ्याकडसून सोलां न्हेता. कासव फिरला म्हणान कळला तर कोण तोंडाक लावीत?"

गंगारामाने मग माडांच्या झावळ्यांतून पडणारे उन्हाचे कवडसे धरले. कवडसा सरकला की घमेलं सरकवायचं. दुपारपर्यंत तो आणि घमेलं शेजारच्या काशीबाईच्या परसात पोचले आणि तिने विचारलं, "भावोजी, काय सांडलासा काय?" दुसऱ्या दिवशी त्याने कासव गोठ्याच्या छपरावर ठेवलं. ते कौलांवरून घसरत खाली आलं आणि गव्हाणीतल्या गवतात पडलं, म्हणून वाचलं. त्या दिवशी म्हशीने दूध दिलं नाही, आणि नर्मदेने चहा.

चौथ्या दिवशी गंगारामाला कासवाची पाठ मऊ लागायला लागली. खरं तर त्याला दर अर्ध्या तासाने ती मऊ लागत होती. तेवढ्यात नर्मदा मासे आणायला बंदरावर गेली. गंगारामाने इकडे तिकडे पाहिलं, सोलं हलकेच बाजूला सारली आणि चटईच्या कोपऱ्यावर कासव ठेवलं.

थोड्या वेळाने कासवाने मान बाहेर काढली. मग पुढचे पाय. मग मागचे दोन्ही पाय त्याने लांबवर ताणले आणि डोळे मिटून घेतले. चार दिवसांत पहिल्यांदाच ते असं निवांत पसरलं होतं. गंगारामाचा जीव भांड्यात पडला. तो खांबाला टेकला, आणि टेकला तो घोरायलाच लागला.

जाग आली तेव्हा चटईवर कासव नव्हतं. सोलं चटईभर विस्कटली होती, आणि ती भिजवायला ठेवलेल्या कोकमाच्या रसाची लाकडी काथवट कलंडली होती. कासव आधी सोलांवरून गेलं होतं, मग रसात मनसोक्त लोळलं होतं आणि लाल पावलं उमटवत अंगणाच्या दगडी गडग्याच्या भगदाडातून पसार झालं होतं. गंगारामाने घाईघाईने रस पुसला, सोलं एकेक करून पुन्हा नीट मांडली आणि तो पावलांच्या मागे धावला.

पावलं महादेवाच्या देवळात गेली होती, आणि देवळात घंटा वाजत होती. सभामंडपाच्या फरशीवर देवासमोर दगडी कासव कोरलेलं आहे. त्याच्या शेजारी, दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात, दुसरं कासव बसलं होतं. लालभडक. भोवती वीसेक माणसं हात जोडून उभी, आणि दत्ताराम गुरव सांगत होता, "देवाच्या कासवाक जोडीदार इलो रे! कुंकवान माखान इलो!"

"दत्ताराम, ह्या कासव माझा," गंगाराम धापा टाकत म्हणाला.

"तुझा? तुझा काळा हुता मेल्या. ह्या लाल कसा झाला?"

"लाल झाला ता..." म्हणत गंगारामाने मान वर केली, तर समोर बायकांत, माशांची टोपली बाहेर ठेवून नुकतीच आत शिरलेली नर्मदा उभी. "ता... देवाची करणी," तो म्हणाला.

झालं! घरच्या माणसानेच साक्ष दिल्यावर कोण शंका घेणार? दत्तारामाने कासव उचललं, गाभाऱ्याच्या अंधारात नेलं आणि वर पितळेचं घंगाळ पालथं घातलं. तिथे जन्मात ऊन येणार नव्हतं. पण बोलावं तर सोलं बाटल्याचं गावभर होणार आणि नर्मदेचं नाक कापलं जाणार.

दत्तारामाने कौल लावला. पिंडीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या कासव तुझ्या गाभाऱ्यात ऱ्हवाचा असात तर उजवी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळ्या हलल्या नाहीत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग बायकांतून नर्मदेचा आवाज आला, "दत्ताराम, विचार देवाक. आमच्या अंगणात, तुळशीम्होरं, चटयेची जागा आसा. थंय देवाच्या कासवाक ठेवू काय?"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी गंगारामच ओरडला. उजवी पाकळी टपकन पडली.

परतताना कासव गंगारामाच्या हातात होतं. नर्मदा म्हणाली, "सोलां फौजेसारकी रांगेत मांडलास तुमी. माझी सोलां कधी रांगेत हुती?"

गंगाराम जागच्या जागी थांबला. "म्हणजे, तुका म्हायत हुता? घराकडे जावन इलंस?"

"मगे! पावलां बघीतच देवळात इलंय."

"आणि तरी बोललंस नाय?"

"बोललंय असतंय तर वर्साची सोलां फेकूची लागली असती. आता कोण म्हणतलो बाटली म्हणान? देवाच्या कासवाचे पाय लागलेत त्येंका. बघा, संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी येतली."

संध्याकाळपर्यंत सगळी वाडी आली. ओली सोलंसुद्धा लोक प्रसाद म्हणून घेऊन गेले आणि चटईची जागा रिकामी झाली. गंगारामाला रात्री सुखाची झोप लागली. आपल्या बायकोबद्दल तीस वर्षांत वाटलं नसेल इतकं प्रेम त्याला त्या दिवशी वाटलं.

सकाळी नऊ वाजता तो घमेलं घेऊन अंगणात आला आणि बघतच राहिला. चटईच्या जागेवर चार बांबू उभे होते. त्यांवर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधून नर्मदेने छान गार मांडव घातला होता.

"अगो, ह्या काय? त्येका ऊन व्हया!"

"देवाच्या कासवाक उन्हात भाजून मारतास? माका पाप लागात! ठेवा थंय सावलेक."

तिचं खरं होतं. आता ते देवाचं कासव होतं, आणि देवाला उन्हात ठेवलं म्हटल्यावर वाडीने गंगारामालाच वाळीत टाकलं असतं. त्याने गुपचूप घमेलं मांडवात ठेवलं. थोडा वेळ डोकं खाजवलं. मग वर पाहून म्हणाला, "ह्यो झाप ढिलो लागता. पडात कासवार. परत बांधूक व्हयो."

त्याने झाप सोडला. उन्हाचा पट्टा घमेल्यात उतरला, कासव दगडावर चढलं आणि त्याने मागचे पाय ताणले. गंगाराम बारा वाजेपर्यंत गाठी मारत होता आणि सोडत होता. दुसऱ्या दिवशीही झाप ढिला झाला. तिसऱ्या दिवशीही.

आठवड्याने गडग्यापलीकडून काशीबाईने विचारलं, "नर्मदे, भावोजी रोज काय ता बांधतत आणि सोडतत?"

"काय सांगा तुका," नर्मदा कपाळाला हात लावून म्हणाली. "तीस वर्सां ह्यांनी आगबोट कशी बांधून ठेवली कोण जाणा! एक गाठ धड मारूक येणा नाय."

गंगारामाने ऐकलं. क्षणभर त्याचे कान तापले. मग त्याने खाली उन्हात डोळे मिटून पसरलेल्या कासवाकडे पाहिलं, आणि नुकतीच घट्ट बसलेली गाठ पुन्हा सोडली.