दुसऱ्यांचे मोबाइल बघणारे नाना

आमच्या चौलच्या नाक्यावर संध्याकाळी चहाला बसलात, तर पांढऱ्या शर्टातला एक काटकुळा म्हातारा तुमच्यापुढे हात पसरून उभा राहील. खिशात सुटे पैसे शोधू नका. त्याला तुमचा मोबाइल हवा असतो, तोही फोन करायला नव्हे, बघायला. "दाखवा, आपापलं दाखवा," एवढंच तो म्हणेल. हे आमचे चेकरनाना.

नाना एस.टी.त तिकीट तपासनीस होते. अलिबाग-मुरुड रस्त्यावर मध्येच कुठल्या तरी थांब्यावर गाडीत चढायचे आणि भल्याभल्यांना घाम फोडायचे. नोकरी संपली, पण हात पसरायची सवय गेली नाही, असं सगळं गाव म्हणतं. मीही तेच म्हणायचो.

त्यांच्या तपासणीची एक रीत आहे. तुमच्या फोटोंना आणि निरोपांना ते हात लावत नाहीत. व्हिडिओ उघडायचे आणि मोबाइल आपणहून काय काय पुढे करतो ते बघायचं, बस. कशावरही टिचकी मारायची नाही. "आपण बोट लावला की त्यो बिघडतो," नाना सांगतात. "मग त्यो तुज्या मनातलं सोडून माज्या मनातलं दाखवाय लागतो."

आणि खरंच, एकाच बाकावर, एकाच चहावाल्याचा चहा पिणाऱ्या माणसांच्या हातात किती निरनिराळी जगं असतात ते नानांमुळे कळलं. आमच्या भजनी बुवांच्या मोबाइलवर अभंगाचा मागमूस नव्हता. डोंगर फोडणारी पिवळी मशिनं, एकामागून एक. बुवा लाजले, पण तासभर बघतो म्हणून कबूल झाले. जयवंताचा मोबाइल मात्र नानांनी बराच वेळ धरून ठेवला. सुपारीची वाडी मेलो तरी विकणार नाही म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्या मोबाइलवर नुसते पनवेलचे फ्लॅट.

"जयवंता, ठरला व्हय?" नानांनी हळूच विचारलं. जयवंताला चहाचा ठसका लागला. त्यानं घरात अजून चकार शब्द काढला नव्हता.

नानांनीही ते कुठे बोलून दाखवलं नाही, हे मान्य करायला हवं. "मी तिकीट बगतो. कुठं जायाचा ते ज्याचं त्यानं बगावं," असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले. त्यांचा स्वतःचा मोबाइल साधा, बटणांचा. चांगला का घेत नाही विचारलं तर म्हणाले, "मला काय नवीन दाखवणार त्यो?" आणि पावाच्या भावावर घसरले.

मला हा सगळा प्रकार अजिबात पसंत नव्हता. मी शाळेत कारकून. दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसू नये हे मला नोकरीनं शिकवलंय. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं तोवर मी नुसता नाराज होतो. नंतर मात्र मी नाक्यावर जायचंच बंद केलं.

झालं असं, की दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना निम्म्यावर माझ्या छातीत कळ आली. मी मटकन खाली बसलो. बायको, माधवी, पुढे गेली होती. तिला सांगितलं, चपलेचा अंगठा तुटला. घरी येऊन मोबाइलला एकदाच, फक्त एकदाच विचारलं, की चढताना छातीत का दुखतं. त्यानं धोशाच लावला. सकाळी उघडावा तर लसूण, दुपारी तुंबलेल्या शिरा, संध्याकाळी चालता चालता कोसळणारा माणूस. एकाच सोफ्यावर माझ्या खांद्याला खांदा लावून माधवी बसायची. तिच्या मोबाइलवर उकडीचे मोदक आणि ब्लाउजचे गळे. ती मोदकाच्या कळ्या मोजायची, मी माझी नाडी. मी फार घाबरलो होतो, आणि तिला सांगायचं म्हणजे ते खरं होईल असं मला वाटत होतं.

एका रविवारी सकाळी नाना थेट घरीच आले. "सुहास, दोन म्हयने झाले, नाक्याव नाय फिरकलास. दाखव."

"चार्जिंग नाही," मी म्हणालो.

"दाखव."

माझा तोल गेला. "नाना, ही तुमची गाडी नाही! माझं घर आहे!"

नाना रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "वैनी, जरा चाय टाका." माधवी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी परत हात पसरला. का कोण जाणे, मी मोबाइल दिला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"किती दिस?"

"कसले?"

"सुहास, हे असा येका दिवसात येत नाय. आदी थोडा थोडा दाखवतो, मग तेवडाच दाखवतो. किती दिस?"

"दोन महिने," मी म्हणालो.

"वैनीला ठाव हाय?"

मी नकारार्थी मान हलवली. नाना मोबाइलकडेच बघत बोलायला लागले. सुनंदाकाकी, त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेल्या, कॅन्सरनं, एवढं मला माहीत होतं.

"ती गेल्याव तिचा मोबाइल उगडला. पयली डाक्टरची चिठ्ठी झाली त्याच्या आदी वरीसभर ती गाठीचाच बगत होती. मुकाट्यानं. मोबाइलला ठाव होता, मी शेजारी बसून जेवत होतो. आन् गाठीच्या मदी मदी दुसरा काय दिसायचा सांगू? येकट्या मान्सानं भात कसा लावावा. आमटी कशी करावी. ती मला चुलीफुडं उबा करायची ना, तवा मी वराडायचो तिच्याव. म्हनायचो, आता म्हातारपनी मला शिकवतेस?"

त्यांनी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. "मी सांगनार नाय. तू सांग."

माधवी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. माझा चेहरा बघून तिनं ते खालीच ठेवले. मी तिला सगळं सांगितलं, चपलेच्या अंगठ्यासकट. ती रडली नाही. माझा हात घट्ट धरून एकेक गोष्ट विचारत राहिली: कुठे दुखतं, किती वेळ, झोपेत दुखतं का. पुढचं अलिबाग, मग पनवेल, दोन स्टेंट, हे तुम्हाला सांगत बसत नाही. मी हे लिहितोय, म्हणजे निभावलं.

पण त्या सकाळी आम्ही दोघं नानांना विसरूनच गेलो. गॅसवर ठेवलेला चहाही विसरलो. नाना केव्हा उठले, आत केव्हा गेले, आम्हाला पत्ता नव्हता. थोड्या वेळानं ते तीन कप घेऊन बाहेर आले. आलं ठेचून घातलं होतं, साखर बेताची होती, चहा सुरेख झाला होता. हा चहा त्यांना कुणी आणि कशासाठी शिकवला होता ते माझ्या ध्यानात आलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.