साहेबाचं नवं नाक

दगड सांभाळावा तर मीच! हे मी नाही म्हणत, सगळं बंदर म्हणतं. (आधी मी म्हणते, मग बंदर.)

आमच्या दारात एका कॉन्सलचं स्मारक आहे. कॉन्सल म्हणजे, इथं गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा तिसऱ्याच एका देशानं या बंदरात धाडलेला पहिला वकील. खाली चौथरा, वर दगडी मुंडकं. आम्ही ते झाडायचं-पुसायचं नि मागच्या दोन खोल्यांत राहायचं, असा आमच्या घराण्याचा बंदराच्या ऑफिसशी पिढीजात करार. दगडाला धक्का लागला, तर खोल्या रिकाम्या!

एवढा जन्म घातलाय त्याच्यापायी, मग त्याच्या गळ्यात कपड्यांची दोरी बांधली तर काय बिघडलं? माणसानं मेल्यावरही उपयोगी पडावं.

ऑफिसातून निरोप आला, उद्या त्याच देशाच्या नव्या कॉन्सलबाई हार घालायला येणार. म्हटलं, येऊ देत! कंबर मोडेस्तोवर घर धुऊन काढलं. ओली सतरंजी दोरीवर टाकली, ओढली... दोरी गळ्यावरून सरकली वर आणि साहेबाचं नाक आलं खाली! पीठच झालं त्याचं.

"आता गं?" हे म्हणाले. संकटात आमचे हे एवढंच बोलतात.

गवंडी आणला. त्यानं विचारलं, "मावशी, नाक कसं होतं?"

जन्म गेला पुसण्यात, पण नाक कुणी बघितलंय! सुनेला विचारलं, तर ती म्हणते, "मला दोरीची गाठ तेवढी आठवते, आई."

"हे काय, समोर शिंकत बसलंय!" मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "असंच कर, आणि आटप!"

ह्यांच्या घराण्याचं नाक म्हणजे पोपटाची चोच. माणसाच्या आधी दारातून आत येतं. गवंड्यानं हुबेहूब बसवलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. हार हातातच राहिला. एकदा दगडाकडे बघतात, एकदा ह्यांच्याकडे. तेवढ्यात मुलगा डबा घेऊन बाहेर पडला. तेच नाक! बाईंनी छातीवर हात ठेवला.

बंदराचे मोठे साहेब मध्ये दुभाषे. "बाई विचारतात, तुमचं घराणं इथं कधीपासून?"

"साहेबांच्या वेळेपासून!" हे ऐटीत.

"आणि साहेबांना तुम्ही काय मानता?"

"बापासारखे हो! बापच!"

मी मागून चिमटा काढला, पण उशीर झाला होता. बाईंनी ह्यांना मिठी मारली नि ढसाढसा रडल्या. साहेबाचा वंश सापडला! मोठे साहेबही गहिवरले. म्हणाले, "खोल्या आता कायमच्या तुमच्या!"

गर्दीतून शेजारीण पुटपुटली, "तरीच! हिची कुठली तरी आजेसासू..."

जीभ शिवशिवली हो! पण खरं बोलावं तर छप्पर जातं, गप्प बसावं तर सासरच्या बायकांची अब्रू. मी आभाळाकडे बघून मनात म्हटलं, सासूबाई, जन्मभर मला घालूनपाडून बोललात, आता एवढं सोसा.

खोल्या राहिल्या. दोरी गेली. पूर्वजाच्या गळ्यात चड्ड्या वाळत घालायच्या नाहीत, असा मोठ्या साहेबांचा हुकूम! ओले कपडे आता पलंगाच्या कठड्यावर. हे स्मारकापुढे खुर्ची टाकून बसतात नि वंशजासारखा दुसरा चहा मागतात. वर बारमाही सर्दी! एक नाक पुसून पुसूनच मी दमले होते, आता दोन पुसते.