शेवग्याच्या शेंगा, वर्किंग ॲज डिझाइन्ड

रविवारी दुपारी आम्ही जेवून जरा आडवे होतो न होतो तोच कुंपणापलीकडून केळशीकर शेवग्याच्या शेंगा मागायला लागतो. मागतो म्हणजे बेंबीच्या देठापासून. "शेवग्याच्या शेंगा दे गं! शेवग्याच्या शेंगा दे गं!" मागे ड्रम, बँजो आणि फिडल यांचा कल्लोळ. पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा माझी बायको अश्विनी फ्रीझरमधलं शेंगांचं पाकीट घेऊन खरोखर कुंपणापर्यंत गेली होती. "एकटा माणूस, त्यात लॉकडाऊन. मागणार तरी कुणाकडे?"

तर हा सदानंद केळशीकर. मूळचा चिपळूणचा, आता सिडनीच्या पेंडल हिलला आमचा सख्खा शेजारी, वय पन्नाशीच्या पुढे, आणि 'द लेफ्ट-हँडेड शीप' नावाच्या सेल्टिक पंक बँडचा मुख्य गायक. सेल्टिक पंक म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं होतं. आयर्लंड-स्कॉटलंडकडची लोकगीतं घ्यायची आणि घराला आग लागल्यासारखी म्हणायची. बँडच्या नावाचं त्याने मराठीही करून ठेवलंय, 'डावखुरी मेंढरं'. इथल्या मराठी मंडळींना मी हे सांगतो तेव्हा ते आधी हसतात, मग माझ्याकडेच काळजीने बघतात.

पोटापाण्यासाठी केळशीकर पॅरामॅटाला एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, अशी नोकरी पुष्कळांना आवडेल. केळशीकरला ती इतकी आवडली की ऑफिस सुटल्यावरही तो ती करत राहतो. आमच्याकडे उपमा खाल्ला की पहिला घास गिळून डोळे मिटतो आणि म्हणतो, "एक डिफेक्ट आहे. मीठ. सिव्हिअरिटी थ्री. रिलीज करायला हरकत नाही." सिव्हिअरिटी वन म्हणजे सगळं बंद पाडा, फोर म्हणजे चालतंय, चालू द्या. माझ्या केसांच्या नव्या कटला त्याने टू दिला होता. अश्विनी म्हणाली, "भावजी बरोबर बोलतात."

लग्न त्याने केलं नाही. विचारलं तर "राहून गेलं" म्हणतो, गॅस बंद करायचा राहून गेला अशा सुरात.

बँडमध्ये तो शिरला तोही नळामुळे. त्याच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि तो दुरुस्त करायला गॅव्हिन नावाचा प्लंबर आला. केळशीकर बाहेरच्या खोलीत पेटी वाजवत बसला होता. गॅव्हिन पाना हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मेट, आमचा ॲकॉर्डियनवाला सोडून गेलाय." केळशीकरने ॲकॉर्डियनचा फोटो बघितला आणि निकाल दिला, "ही आपलीच पेटी. उभी केलीय एवढंच." गॅव्हिन त्या बँडचा ड्रमर होता. नळ अजून गळतो.

बँडमध्ये सगळे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालतात म्हटल्यावर याने कपाटातून आईने दिलेली सोलापुरी चादर काढली, चुण्या घालून कमरेला गुंडाळली आणि वर ऑफिसचा पट्टा आवळला. लाल-हिरव्या चौकड्या. स्कॉटलंडात दर घराण्याच्या, म्हणजे क्लॅनच्या, चौकड्या वेगळ्या असतात. पहिल्याच कार्यक्रमात एका म्हाताऱ्या स्कॉटिश गृहस्थांनी आदराने विचारलं, "विच क्लॅन?" केळशीकर तितक्याच आदराने म्हणाला, "सोलापूर." गृहस्थ म्हणे मान डोलवत निघून गेले.

तेव्हा बँडचा गायक होता शेमस. दाढीवाला, आडवातिडवा, आवाज असा की माईक लाजावा. सगळी गाणी त्याची, शब्दही त्याचेच, आणि ते कधी कुठे लिहून ठेवलेले नाहीत. महामारीच्या सुरुवातीला हा शेमस गॅसच्या कंपनीत कामाला म्हणून दोन महिन्यांसाठी दूर उत्तरेला डार्विनला गेला आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी एकमेकांच्या तोंडावर दारं लावून घेतली. तो तिकडे अडकला तो अडकलाच. तिथे त्याला एक बोट आणि एक बाई मिळाली, याच क्रमाने, आणि त्याने कळवलं की आता मी येत नाही, बँड तुमचा तुम्ही सांभाळा.

आता गाणार कोण? शब्द कुणालाच येईनात. शेमसचा उच्चार असा की इतकी वर्षं मागे उभं राहूनही कुणाला ते नीट कळले नव्हते. पाठ होते ते एकट्या केळशीकरला, ऐकून ऐकून, त्याला जसे ऐकू आले तसे. त्यामुळे सिडनीच्या त्या मेंढरांना चिपळूणचा मेंढपाळ मिळाला आणि नव्या अल्बमचं नाव ठरलं 'सेम शीप, न्यू शेफर्ड'.

अल्बम तयार झाला तो घराघरांतून. फिडलवाली तिच्या गॅरेजमध्ये, गॅव्हिन स्वतःच्या व्हॅनमध्ये, आणि आमचा गायक मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सोलापुरी चादर नेसून, कारण "किल्टशिवाय आवाज लागत नाही." लॅपटॉपवर सगळ्यांची तोंडं दिसायची, आणि एकाचा ठोका दुसऱ्याकडे शिळा होऊन पोचायचा. हे सगळं आम्हाला फुकटात ऐकायला मिळायचं, कारण आमच्यामधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निघालेली आहे. त्या फटीतून आमच्याकडून भाजी जाते आणि त्याच्याकडून डिफेक्ट येतात.

अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं, शेमसच्या काळापासूनचं गाणं म्हणजे हे शेंगांचं. त्याची मूळ ओळ होती, 'शव्ह अ केग इन द शेड अगेन', म्हणजे बिअरचं पिंप पुन्हा शेडमध्ये ढकला. शेमसच्या तोंडून निघून केळशीकरच्या कानात शिरेपर्यंत त्या पिंपाच्या शेवग्याच्या शेंगा झाल्या होत्या. मी हसलो तर म्हणाला, "हसतोस काय? आपण आरत्यांचे निम्मे शब्द चुकीचे म्हणत लहानाचे मोठे झालो. देवाने कधी तक्रार केली?" 

पण शेमसने तक्रार केली. अल्बम बाहेर पडायच्या आधी कुणीतरी त्याला ते गाणं पाठवलं आणि डार्विनहून त्याचा जाळ सिडनीपर्यंत आला. गॅव्हिनने मला फोन केला. "मेट, तू त्याच्या भाषेचा आहेस. हॅव अ वर्ड विथ हिम. शेमस म्हणतो, माझे शब्द बरोबर म्हणा, नाहीतर गाणं अल्बममधून काढा. आणि ते गाणं काढलं तर अल्बममध्ये राहिलं काय?"

मला मनातून आनंदच झाला. जन्मभर दुसऱ्यांचे डिफेक्ट काढणाऱ्या माणसाचा डिफेक्ट काढायची संधी रोज येत नाही. मी आमच्या रियाकडून त्या ओळीचा उच्चार घोटून घेतला. ती इथेच वाढलेली, म्हणाली, "बाबा, इट्स नॉट दॅट हार्ड." रविवारी दुपारी मी फटीशी जाऊन उभा राहिलो.

"सदा, एक डिफेक्ट आहे," मी म्हटलं. "शेंगा. सिव्हिअरिटी वन."

शेडच्या दारात चादर सावरत तो शांतपणे उभा होता. त्याने मूळ ओळ म्हणून दाखवली. शब्दन् शब्द बरोबर, वर शेमसचा हेलसुद्धा. माझ्या घोटलेल्या उच्चारापेक्षा कितीतरी चांगली.

"अरे, येतंय की तुला! मग म्हणत का नाहीस?"

"कारण हा डिफेक्ट नाही," तो म्हणाला. "वर्किंग ॲज डिझाइन्ड. जसं ठरवलंय तसंच चाललंय."

"कुणाचं डिझाइन?"

"पाच मिनिटं थांब तिथेच. बोलू नकोस."

तो आत गेला. फटीतून शेडचं उघडं दार आणि आत स्टुलावर ठेवलेली पेटी दिसत होती. पेटीला टेकवून त्याने फोन उभा केला होता. चिपळूणला तेव्हा सकाळ होती. फोनमध्ये त्याची ताई दिसली आणि तिने बाजूला होऊन आईला समोर बसवलं. पांढरे केस, खांद्यावर शाल, नजर भलतीकडेच. त्या माउलीला काही आठवत नाही हे मला ऐकून माहीत होतं. बघितलं कधी नव्हतं.

"आई, मी सदा," केळशीकर म्हणाला.

आईने फोनकडे बघितलं. "सदा शाळेत गेलाय. आपण कोण?"

तो पेटीकडे वळला. लॅपटॉपवरच्या मंडळींना खूण केली, गॅव्हिनने व्हॅनमध्ये काठ्या आपटल्या आणि पेटी सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, आणि केळशीकर गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "शेवग्याच्या शेंगा दे गं!"

फोनमधली म्हातारी एकदम ताठ झाली. "देते रे," ती म्हणाली, अगदी रोजच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात. "आधी हात धुऊन ये."

"धुतले गं," केळशीकर म्हणाला. मग सूर सोडून आणखी एकदा, "धुतले."

मी फटीपाशी तसाच उभा होतो. रियाने शिकवलेली ओळ मी पार विसरलो होतो.

नंतर तो कुंपणाशी आला. "पहिल्यांदा मी खरंच चुकीचं ऐकलं होतं," तो म्हणाला. "प्रॅक्टिसच्या वेळी फोन चुकून चालू राहिला आणि आतून उत्तर आलं. तोवर किती तरी दिवस मी तिच्यासाठी 'आपण' होतो. विमानं बंद, बॉर्डर बंद. मी जाणार कसा? मग बरोबर शब्द कळले तरी बदलले नाहीत. बिअरचं पिंप मागितलं तर आई काय उत्तर देणार, सांग."

त्या संध्याकाळी मी गॅव्हिनला फोन केला. "झालं का दुरुस्त?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही. वर्किंग ॲज डिझाइन्ड," आणि जे बघितलं ते सांगितलं.  तो म्हणाला, रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी मागे एका बाईचा आवाज येतो, तो आम्ही पुसून टाकत होतो. ती म्हणते काय? मी म्हटलं, वॉश युअर हँड्स. "फेअर इनफ," गॅव्हिन म्हणाला. शेमसलाही त्यानेच कळवलं. डार्विनहून एवढाच निरोप आला की पिंप जाऊ दे, पण म्हातारीचं नाव अल्बमवर घाला.

अल्बम आला, आईचा आवाज न पुसता. त्यावर 'बॅकिंग व्होकल्स: मिसेस केळशीकर' असं छापलेलं आहे, खाली तिच्या ओळीचा इंग्रजी अर्थही. मेंढरांचे जुने चाहते नव्या गायकावर महिनाभर चिडले होते, पण हे गाणं त्यांना तोंडपाठ झालं. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की महामारीच्या काळात हात धुण्याचा संदेश देणारा हा पहिलाच धाडसी पंक अल्बम आहे. स्टेशनजवळच्या आपल्या दुकानदाराने मला सांगितलं की एक नाकात वाळी घातलेला गोरा माणूस येऊन 'शेवगा, मेट' मागून गेला.

लॉकडाऊन उठल्यावर पॅरामॅटाच्या एका पबमध्ये, रविवारीच दुपारी, त्यांचा कार्यक्रम झाला. आम्ही तिघेही गेलो. केळशीकर चादर नेसून आला, पेटी ठेवली आणि तिला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये आई होती. नजर भलतीकडे.

"शेवग्याच्या शेंगा दे गं!" तो ओरडला आणि थांबला. सगळा बँड थांबला.

फोनमधून काही आलं नाही. ताईने वाकून आईच्या कानात काही सांगितलं, तरी नाही. केळशीकर फोनकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा माणूस इथेच खाली बसणार.

आणि तेवढ्यात पबमधली ती सगळी गोंदवलेली, रंगीत केसांची, बिअर प्यायलेली गर्दी दोन्ही हात वर करून एका आवाजात गरजली, "देते रे! आधी हात धुऊन ये!"

माझ्या शेजारी रियाही ओरडत होती, आणि तेही मराठीत.

केळशीकर हलला. माईकपासून तोंड बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला. ते कुणाला ऐकू गेलं नसेल, पण काय म्हणाला ते मला माहीत होतं. मग त्याने पेटीवर बोटं आपटली आणि गाणं पुढे पळालं.

घरी आल्यावर अश्विनीने मुद्दाम शेंगांची आमटी केली. वाडगा घेऊन मी फटीशी गेलो. तो अजून चादरीतच होता.

"एक डिफेक्ट होता," तो म्हणाला. "'देते रे'मधला 'रे' लोक लांबवतात. आई तोडते."

"सिव्हिअरिटी?"

त्याने चादरीच्या चुण्या नीट केल्या. "गेले तीन रविवार ती बोलली नाही," तो म्हणाला. "जानेवारीचं तिकीट काढलंय."

"जाऊन काय करशील?"

"काय करणार? समोर बसेन आणि शेंगा मागेन."

मी वाडगा पुढे केला. त्याने घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"थांब हं," तो म्हणाला. "हात धुऊन येतो."

तो आत गेला. मी वाडगा धरून उभा राहिलो. आतून नळाचा आवाज येत होता, आणि आमटी पार निवली तरी तो येतच राहिला.