अपील न्यायालयाचा वाहनतळ

अपील न्यायालयासमोर गाड्या लावायला जागा नाही, ही सार्वजनिक गैरसोय काउंटीच्या प्रशासनाने तीन सर्वेक्षणांनंतर मान्य केली आणि उपाय म्हणून समोरचं व्हर्ना टोलेफसनचं घर ताब्यात घ्यायचं ठरवलं. व्हर्ना त्या घरात एकेचाळीस वर्षं राहत होती. खालच्या न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. व्हर्नाने अपील केलं. ते अर्थातच समोरच्याच इमारतीत.

न्यायाधीश सात. सुनावणीच्या दिवशी त्यांतल्या एकाने जाहीर केलं, की आपल्याला रोज गाडी लावायला जागा मिळत नाही, सबब या प्रकरणात आपला हितसंबंध आहे. आणि ते उठून गेले. वर्तमानपत्रांनी त्यांच्या सचोटीची वाहवा केली. उरलेले सहा जण गाड्या कुठे लावतात, हे कुणी विचारलं नाही.

"गेला तो आपल्या बाजूचा होता," वकील प्रूइट व्हर्नाच्या कानाशी पुटपुटला.

चार महिन्यांनी एका ओळीचा निकाल आला: मतं समसमान, खालचा निकाल कायम.

"म्हणजे तिघांना माझं म्हणणं पटलं?" व्हर्नाने विचारलं.

"अगदी पूर्ण पटलं."

"मग बरोबरीत मी हरले कशी?"

"तुम्ही हरला नाहीत, मिसेस टोलेफसन. न्यायालयाने काहीच ठरवलेलं नाही. फक्त घर पाडायचं आहे."

"कारण तरी लिहिलंय?"

"ठरवलंच नाही, तर कारण कशाचं लिहिणार?"

मंगळवारी बुलडोझर आला. शेजारीपाजारी रस्त्यापलीकडे उभे राहून हळहळले. व्हर्ना परसातल्या रुबार्बची मुळं बादलीत घालून बहिणीच्या गावी निघाली. गाडीत बसेपर्यंत ती रडली नाही.

वर्षभराने ती दाताच्या डॉक्टरकडे आली, तेव्हा गावभर कुठेच जागा मिळेना. तीन फेऱ्या मारून तिने शेवटी जिथे गाडी घुसवली, तिथे पूर्वी तिचं स्वयंपाकघर होतं. पहिले दोन तास फुकट होते.

दार उघडते तोच मागच्या गल्लीतला एल्रॉय मिकेलसन हरकतीचा अर्ज फडकावत आला. वाहनतळ अपुरा पडत होता. आता त्याच्या घरावर नोटीस लागली होती.

"सही कर, व्हर्ना. माझं दुःख तुला नाही कळणार तर कुणाला?"

व्हर्नाने पेन हातात घेतलं. जागा रिकामी होतेय असं वाटून मागची गाडी हॉर्न वाजवू लागली.

"माझं अर्धं मन तुझ्याच बाजूला आहे रे," पेन परत देत ती म्हणाली, "पण एल्रॉय, जागेची ओरड काही खोटी नाही."