उणे दीड हजार मीटरचं झाड

"शिकवणी? कशाला हवी शिकवणी? घरात मी आहे ना!"

साहेबांनी हे वाक्य जेवता जेवता, तोंडात घास असतानाच टाकलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. आधी घास गिळला असता तर विचार करायला अर्धं मिनिट तरी मिळालं असतं. पण विचार करून बोलले तर ते साहेब कसले!

साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानादुकानात जाऊन काटे तपासायचे, खरा असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल तो उचलून न्यायचा. बाजारात सगळे त्यांना साहेब म्हणत. घरी लेक बाबा म्हणे आणि बायको अहो. आपण आपले बाजाराबरोबर राहू.

लेकीची गणिताची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पेपर दोन प्रकारचे, एक वरच्या पातळीचा आणि एक सोपा. लेकीला पुढे आर्किटेक्ट व्हायचं होतं, आणि त्या कॉलेजात वरच्या पातळीशिवाय कोणी दारात उभं करत नाही. पेपराला कॅल्क्युलेटर न्यायची परवानगी होती. हे ऐकून साहेबांना हसू आवरेना.

"कॅल्क्युलेटर घेऊन गणित? मग तुम्हाला करायला उरलं काय?"

"बाबा, त्रिकोणमिती आहे त्यात. साइन, टॅन, सगळं."

"असू दे की! अगं, पंचवीस वर्षं मोजमापातच गेली माझी!"

बायको दवाखान्यात नर्स. ताप किती चढलाय ते बघावं तसं तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

आता खरं सांगायचं तर साहेबांची आणि त्रिकोणमितीची शेवटची भेट शाळेत झाली होती, आणि तीही फारशी प्रेमाची नव्हती. तेव्हा साहेबांनी बेत केला, की लेकीच्या एक पान पुढे राहायचं. "बॅटरी बघून आणतो," असं सांगून त्यांनी तिचा कॅल्क्युलेटर ऑफिसात नेला आणि दुपारच्या सुट्टीत कपाटाआड बसून सरावाला सुरुवात केली.

बापरे, काय ती बटणं! प्रत्येक बटणावर एक चिन्ह, त्याच्या डोक्यावर दुसरं पिवळं, शेजारी तिसरं लाल. साहेबांनी एक दाबलं तर पडद्यावर यादीच उघडली. ती घालवायला दुसरं दाबलं तर दुसरी यादी. मग जे हाताला लागेल ते दाबत सुटले! शेवटी कसाबसा पडदा रिकामा झाला. वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं अक्षर तेवढं बदलल्यासारखं वाटत होतं, पण ते आधी कुठलं होतं हे आता कोणाला विचारणार? साहेबांनी दोन गुणिले दोन करून पाहिलं. चार आले. बारा गुणिले बारा. एकशे चव्वेचाळीस! जिवात जीव आला. कॅल्क्युलेटर त्यांनी गुपचूप लेकीच्या दप्तरात ठेवून दिला आणि याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी सराव सुरू झाला. पहिलंच गणित शिडीचं. सहा मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे, जमिनीशी तिचा कोन बासष्ट अंश, तर ती भिंतीवर किती उंच पोचेल?

लेकीने भराभर बटणं दाबली आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, उणे चार पूर्णांक चव्वेचाळीस आलं."

"मग?"

"उणे कसं येईल? शिडी जमिनीच्या खाली गेली!"

साहेबांनी हनुवटी खाजवली. "भिंतीपाशी खड्डा असेल."

"मागे उत्तर पाच पूर्णांक तीस दिलंय."

"मग तुझं काहीतरी चुकलंय. परत कर. नीट लक्ष देऊन!"

परत केलं. परत खड्डाच. पुढचं गणित झाडाचं. झाडापासून वीस मीटरवर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं तर कोन तेहतीस अंश, झाडाची उंची किती? लेकीने बटणं दाबली आणि नुसतीच बघत राहिली.

"किती?"

"उणे एक हजार पाचशे सहा मीटर."

दीड किलोमीटर जमिनीखाली गेलेलं झाड ऐकून कोणीही सावध झालं असतं. साहेब मात्र म्हणाले, "मुळं धरलीस की काय? अगं, लक्ष कुठंय तुझं!"

असे चार दिवस गेले. लेक एकेक गणित तीन तीनदा करायची, रीत तपासायची, आकृती पुन्हा काढायची, आणि उत्तर यायचं ते भलतंच. साहेब शेजारी बसून उसासे टाकायचे. चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "बाबा, कॅल्क्युलेटरच बिघडला नसेल ना?"

कपाटाआडची ती दुपार, त्या याद्या, ते कोपऱ्यातलं अक्षर, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. "अगं, मी जरा हात लावला होता त्याला," एवढंच म्हणायचं होतं. तोंडही उघडलं त्यांनी! आणि बाहेर काय पडलं?

"यंत्राला नावं ठेवायची नाहीत! मी स्वतः तपासलाय तो."

लेकीने तेच गणित चौथ्यांदा करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तीच गणितं त्याच कॅल्क्युलेटरवर स्वतः केली. आश्चर्य म्हणजे लेकीचीच उत्तरं आली, अगदी दशांशासकट! दोन माणसं, एकच उत्तर. म्हणजे चूक कोणाची? पुस्तकाची! साहेबांच्या अंगात निरीक्षक संचारला. कालची चुटपुट विरघळली आणि त्या जागी कर्तव्य आलं. त्यांनी रीतसर तक्ता केला, अनुक्रमांक, पुस्तकातलं चुकीचं उत्तर, दुरुस्त उत्तर, अशी चौदा गणितं, खाली सही, आणि तक्ता पालकांच्या ग्रुपवर टाकला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच लिहिलं, "आभारी आहे साहेब! मी माझ्या मुलाला उगाच रागावत होते. आत्ताच त्याला सगळी उत्तरं खोडायला लावली." एका पालकांनी भीत भीत लिहिलं, "आमच्याकडे तर पुस्तकातलीच उत्तरं येताहेत." साहेबांनी उत्तर दिलं, "मग पुस्तकात बघून केली असतील." संध्याकाळपर्यंत आणखी अकरा घरांत खोडरबर फिरलं, आणि दोनच दिवसांत शाळेने सभा बोलावली.

"बाबा, नका ना जाऊ," लेक म्हणाली.

"नका कसं? तुझ्यासाठीच चाललोय! तूसुद्धा चल."

वर्गात मुलांच्या बाकांवर पालक कसेबसे मावले होते. साहेबांचे गुडघे बाकात अडकले, म्हणून ते उभे राहूनच बोलले. पंधरा मिनिटं बोलले! मुलांचं भवितव्य, छापील चुका, जबाबदारी, काही सोडलं नाही. गणिताच्या बाई वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "झाडाची उंची किती आली म्हणालात?"

"उणे एक हजार पाचशे सहा मीटर," साहेब ठणकावून म्हणाले. "आणि पुस्तकात नुसते तेरा छापलेत!"

मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं.

"कॅल्क्युलेटर आहे का? नव्वद अंशांचा साइन काढता?"

साहेबांनी काढला. "शून्य पूर्णांक आठशे चौऱ्याण्णव."

"एक यायला हवा," बाई म्हणाल्या. "कोन जसा अंशांत मोजतात तसा रेडियन नावाच्या दुसऱ्या मापातही मोजतात. हा कॅल्क्युलेटर त्या मापावर लावलाय. किलोची वजनं पौंडाच्या काट्यावर ठेवून आकडा किलो म्हणून वाचला, तसं झालं. पुस्तक बरोबर आहे."

बाईंनी उदाहरण सहज दिलं होतं. पण साहेबांना वाटलं, बाकाखाली जागा असती तर तिथेच शिरावं! पंचवीस वर्षांत त्यांनी एकाही दुकानदाराचं "काटा बरोबर आहे हो" ऐकून घेतलं नव्हतं. आधी शून्य बघायचं, मग हलकं वजन, मग मधलं, मग जड. आणि पोटच्या पोरीचं यंत्र त्यांनी बे दुणे चारवर पास केलं होतं!

"हे कोणाच्याही हातून होतं," बाई म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "तू बदललंस का गं माप?"

लेकीने मान खाली घातली. "माझ्याच हातून झालं असेल, बाई."

आणि साहेब गप्प बसले. तीन सेकंद. फार नाहीत, पण ते तीन सेकंद साहेबांना पुढे कितीतरी दिवस आंघोळ करताना, चपला घालताना, रस्ता ओलांडताना आठवत राहिले आणि दर वेळी कान गरम झाले.

"म्हणून परवा सोप्या पेपरचा अर्ज दिलास तू?" बाईंनी विचारलं. "यामुळे?"

साहेब दचकले. "कसला अर्ज?"

"मला जमतच नव्हतं ना, बाबा," लेक म्हणाली. "आईची सही घेतली. मला वाटलं, माझं डोकंच चालत नाही."

हे तिने रडून सांगितलं असतं तर सोसलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली.

"तिने नाही बदललं," ते म्हणाले. आवाज बाजारात काटा जप्त करतानाचा नव्हता, ज्याचा जप्त होतो त्याचा होता. "मी बदललं. मला येत नव्हतं, म्हणून चोरून शिकायला नेला होता. तिने विचारलं होतं मला, कॅल्क्युलेटर बिघडलाय का म्हणून. मीच तिला गप्प केलं. लाज वाटली सांगायची."

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "अहो, पण आमच्या मुलाने खोडलेली उत्तरं?"

"परत लिहायला सांगा, बाई," साहेब म्हणाले. "माझ्या नावाने शिव्या देत लिहिली तरी चालेल."

सगळ्यांची माफी मागून झाल्यावर बापलेक धावतच शाळेच्या ऑफिसात गेले. अर्ज स्वीकारणाऱ्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पेपर बदलायची मुदत काल संपली."

"अहो बाई, तिची काही चूक नाही! झालं असं की—"

"साहेब, मला गोष्ट नको. मुदतीनंतर तीनच कारणं चालतात. आजारपण, शाळा बदलणं, कौटुंबिक आपत्ती. यातलं काही आहे?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. साहेबांनी समोरचा छापील अर्ज ओढला, खिशातलं पेन काढलं आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. खाली एक ओळ रिकामी होती, 'आपत्तीचे स्वरूप थोडक्यात लिहा'. एरवी दोन पानांखाली अहवाल न लिहिणारे साहेब क्षणभर थांबले आणि त्यांनी एकच शब्द लिहिला, 'वडील'.

बाईंनी कागद वाचला. चष्म्यावरून साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग लेकीला विचारलं, "हेच का?"

"हो," लेक म्हणाली, "हेच."

बाईंनी अर्जावर शिक्का मारला.